आत्याची नड

आमच्या घरात कुणाचं काही अडलं की आत्याला हाक जायची. बाबांच्या शर्टाचं बटण, आईची धरलेली पाठ, माझा चिकटत नसलेला शाळेतला पुठ्ठ्याचा पूल, शेजाऱ्यांचा तुंबलेला नळ. अडीनडीला धावून येणारी बाई म्हणून तिची ख्याती होती. तिचं स्वतःचं कधी काही अडतं का, हे विचारायचं मात्र सगळ्यांचंच राहून गेलं होतं.

आत्या बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. आजी-आजोबा गेल्यावर घर दोघा भावंडांच्या नावावर झालं, पण पुढच्या तीन खोल्या आमच्या आणि स्वयंपाकघरामागची चिंचोळी खोली तिची, अशी वाटणी कुणी न करताच झाली. त्या खोलीत एक पलंग, एक कपाट आणि एक खिडकी. खिडकीतून मागच्या इमारतीची भिंत दिसायची. त्या खोलीबद्दल तक्रार करताना मी आत्याला कधी ऐकलं नाही.

ती एका फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशच्या विभागात होती. तिथं सगळ्या बायकाच. काचकागदानं लाकूड घासायचं, धूळ पुसायची, मग कापडाचा बोळा लाखेच्या पॉलिशमध्ये बुडवून गोल गोल फिरवत राहायचं. आत्याची नखं कायम तपकिरी असायची आणि अंगाला स्पिरिटचा वास. पार्टिशनच्या पलीकडं पुरुष. कापणं, सांधे बसवणं, नक्षी कोरणं, सगळं त्यांच्याकडं. बायकांनी पटाशीला हात लावायचा नाही असा नियम कुठं लिहिलेला नव्हता. पण एखादीनं सहज उचलून बघितली, तर मांजर ओट्यावर चढल्यासारखे सगळे तिच्याकडं बघायचे.

मी चौदा-पंधरा वर्षांची असतानाची गोष्ट. एका रविवारी दुपारी आईच्या ऑफिसातली एक मैत्रीण घरी आली. तिनं पर्समधून एक कापडी पिशवी काढली. पिशवीत लाकडाच्या चकत्या, आणि प्रत्येक चकतीवर एकेक काटकुळं अक्षर. ही उत्तर युरोपातल्या जुन्या लोकांची लिपी, ती म्हणाली, या अक्षरांना रून म्हणतात. प्रत्येक अक्षराला नाव आहे, नावाला अर्थ आहे आणि न बघता जी चकती हाताला लागेल त्यात आपलं भविष्य आहे.

आईला गुराढोरांचं अक्षर आलं, म्हणजे संपत्ती. बाबांना प्रवासाचं. मला बर्च नावाच्या झाडाचं. त्याचा अर्थ नवी पालवी असं कळल्यावर मी उगाचच ताठ बसले. तेवढ्यात आत्या चहाचा ट्रे घेऊन आली.

"ताई, तुम्हीपण काढा ना एक," आई म्हणाली.

आत्यानं ट्रे ठेवला, हात पुसला आणि पिशवीत घातला. चकतीवर एक उभी रेघ होती आणि तिला मधोमध छेदणारी एक आखूड तिरकी रेघ.

त्या बाईंचा चेहरा पडला. "अरे देवा. नौथिझ."

"म्हणजे?"

"नड. टंचाई. अडकून पडणं. वाईट वाटून घेऊ नका, पण हे अक्षर आलं की मान खाली घालून राहायचं. काही मागायचं नाही, नवीन काही सुरू करायचं नाही. आहे त्यात समाधान मानायचं."

बाबा हसले. "त्यासाठी अक्षर कशाला हवं? ताई जन्मभर तेच करत आलीय."

आईही हसली. मीही हसले असेन. आत्या हसली नाही. तिनं चकती पालथी केली, पुन्हा सुलटी केली.

"मान खाली घालायची, असं कोण म्हणतं?" तिनं विचारलं.

"म्हणजे, पुस्तकात आहे तसं."

"कुठल्या पुस्तकात?"

"पिशवीबरोबर एक छोटंसं आलं होतं."

"ते कुणी लिहिलंय? त्या जुन्या लोकांनी?"

बाई चकत्या पिशवीत भरायला लागल्या. आई डोळ्यांनी खुणा करत होती. आत्यानं चकती टेबलावर ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "मग मी विचारून घेईन दुसरीकडं. उगाच कुणाच्या सांगण्यावरून मान कशाला मोडून घ्यायची?"

चहा तसाच राहिला आणि आत्या तिच्या खोलीत गेली. आमच्या घरात तिनं पाहुण्यांसमोर असं तोंड उघडलेलं ती पहिलीच वेळ.

पुढच्या शनिवारी अर्धी सुट्टी झाल्यावर ती सार्वजनिक वाचनालयात गेली. मला सोबत नेलं, कारण शाळेच्या कामासाठी तिथं मी नेहमी जायचे. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी आत्याचं म्हणणं नीट ऐकून घेतलं, आतून दोन जाडजूड पुस्तकं आणली आणि नंतर दर शनिवारी आणखी एखादं शोधून ठेवू लागल्या. आत्याचा वाचनाचा वेग बेताचा. ओळीखाली बोट धरून ती वाचायची. कठीण शब्द आला की मला विचारायची, मला येत नसला की ग्रंथपाल बाईंना.

हळूहळू कळत गेलं ते असं. पिशवीतून चकत्या काढून भविष्य सांगायचे ते ठरावीक अर्थ बरेच अलीकडचे होते. जुनं म्हणावं असं थोडंच होतं: त्या अक्षराचं नाव, नावाचा अर्थ, आणि नॉर्वे, आइसलंड व इंग्लंड या तीन ठिकाणी प्रत्येक अक्षरावर रचलेल्या मोजक्या ओळी. नॉर्वेच्या ओळी म्हणत होत्या की नड माणसाला फारसे पर्याय ठेवत नाही. इंग्लंडच्या ओळींत ती छातीवर दाटून येत होती, पण तिचं वेळेवर ऐकलं तर तीच कामाला येते असंही पुढं होतं. हे वाचून आत्या खुर्चीत मागं टेकली.

"ऐकलं तर," ती म्हणाली. "गप्प बसवलं तर असं नाही म्हटलेलं."

आइसलंडच्या ओळीनं तर तिला दोन शनिवार अडकवून ठेवलं. तिथं त्या अक्षराचं नाव नौड, आणि नौड म्हणजे दासीचं काहीतरी होतं. एका पुस्तकात होतं दासीचं दुःख. दुसऱ्यात होतं दासीची ओढ. शब्द एकच, भाषांतरं दोन.

"यातलं बरोबर कुठलं?" आत्यानं विचारलं.

"दोन्ही चालतात म्हणे," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "त्या शब्दात तीव्र इच्छासुद्धा आहे आणि तिचा त्राससुद्धा."

"म्हणजे दासीलाही काहीतरी हवं होतं," आत्या म्हणाली.

एका लेखकानं तर असं सुचवलं होतं की त्या एकमेकींना छेदणाऱ्या रेघा म्हणजे आग पेटवण्यासाठी एकमेकींवर घासलेल्या दोन काटक्या. आत्याला ते फार आवडलं. ग्रंथपाल बाईंनी बजावलं की हा नुसता अंदाज आहे, पुरावा नाही. आत्यानं मान डोलावली आणि अंदाज म्हणूनच तो लक्षात ठेवला. घरी येताना रस्त्यात ती स्वतःशीच पुटपुटत होती: "नौथिझ, नौड, नड." मग मला म्हणाली, "नातं काही नसेल गं दोन्ही शब्दांचं. पण जीभ एकाच जागी लागते, नाही?"

लाकडाशी तिची गाठ त्या अक्षरानंच नव्यानं घालून दिली. पुस्तकात होतं की ही अक्षरं लाकडावर कोरायची असत, म्हणून त्यात सपाट आडव्या रेघा नसत. आडवी रेघ लाकडाच्या रेषांबरोबर वाहते, दिसेनाशी होते किंवा फळी चिरफाळते. आत्यानं जन्मभर लाकडाच्या रेषांवरून हात फिरवला होता, पण त्यांना कापून बघितलं नव्हतं. तिनं बाजारातून एक पटाशी विकत आणली आणि जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या मागच्या अंगणात, फेकून दिलेल्या तुकड्यांवर ती दोन रेघांचं अक्षर कोरायला लागली.

मिस्त्रींनी पाहिलं. कारखान्यातले सगळ्यांत जुने सुतार ते, आणि स्वभावानं वाईट नव्हते, पण जिभेला हाड नव्हतं.

"बाई, पटाशी म्हणजे लाटणं नव्हे!"

"तुम्ही लाटणं तरी कधी धरलंय का हातात?" आत्या म्हणाली. अंगणातले बाकीचे खो खो हसले आणि मिस्त्री डबा बंद करून आत गेले.

थोड्या दिवसांनी ती सरळ मालकांच्या केबिनमध्ये गेली. मला नक्षीच्या बाजूला काम हवंय, म्हणाली. मालकांना आधी वाटलं पॉलिशच्या बायकांत भांडण झालंय. मग समजल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"आता या वयात? आणि तुला गरज काय? नवरा नाही, पोरं नाहीत. भावाकडं राहतेस. सुखी जीव आहेस."

"मालक, मला गरज आहे की नाही हे मला ठाऊक असणार का तुम्हांला?"

"नाही जमणार," मालक म्हणाले. "बायकांना तिकडं घेतलं तर उद्या सगळ्याच रांग लावतील."

"लावू द्या की."

"नाही म्हटलं ना!"

ती परत आली आणि पॉलिशच्या टेबलाच्या पुढच्या कडेवर, सगळ्यांच्या देखत, तिनं ते अक्षर कोरलं. उभी रेघ, तिच्यावर तिरकी रेघ. बाजूच्या बायका बोळे हातात धरून बघत राहिल्या. पार्टिशनपलीकडची ठोकाठोकही थांबली होती, असं तिनं मला नंतर सांगितलं.

मालक आले. "हे टेबल खराब कुणी केलं?"

"मी."

"का?"

"मला नक्षीच्या बाजूला काम हवंय. विसरायला नको म्हणून लिहून ठेवलं."

"मी विसरू नये म्हणून का तू?"

"दोघांनीही."

मालकांनी मिस्त्रींना रंधा मारायला लावला. मिस्त्रींनी कड साफ केली. दुसऱ्या दिवशी आत्यानं त्याच जागी पुन्हा कोरलं, अंमळ खोल. पुन्हा रंधा. तिनं पुन्हा कोरलं. आत्याला काढून टाकायचं तर पॉलिशला तिच्यासारखा हात दुसरा नव्हता, आणि हे मालकही जाणून होते. शेवटी मिस्त्रींनीच रंधा खाली ठेवला. "मालक, टेबल संपेल, ही बाई संपायची नाही." सगळा कारखाना हसला. मालकांनाही हसू आवरेना. अक्षर राहिलं. काम मात्र मिळालं नाही.

घरी वेगळंच तापत होतं. बाबांना घरी ऑफिसाची खोली हवी होती. रात्रीच्या जेवणावर त्यांनी जाहीर केलं की मागची खोली रिकामी करू, ताईचा पलंग पॅसेजमध्ये मावेल. ते विचारत नव्हते, सांगत होते. अशा गोष्टींवर आत्या नेहमी "बरं" म्हणायची.

"नाही," आत्या म्हणाली.

बाबांना वाटलं नीट ऐकू आलं नाही. "काय?"

"नाही म्हटलं. माझी खोली आहे. मला लागते."

"अगं, झोपायला तर लागते! पॅसेजमध्ये काय झोप येत नाही?"

"येत असेल तर तू झोप. तिथंच टेबलही टाक, ऑफिस होईल."

आईनं भाजीचं भांडं जोरात ठेवलं. बाबा लाल झाले. "एवढी वर्षं तुझं सगळं केलं..."

"कुणी कुणाचं केलं ते मोजायला बसायचं का? बसते मी. पण आज सगळं मोजू, अर्धं नाही."

बाबा मोजायला बसले नाहीत. ते उठले, हात धुतले आणि दारात थांबून म्हणाले, "ताई, हल्ली तू फार नडायला लागली आहेस."

आत्या इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्हांला कळेना काय झालं. "बरोबर बोललास," ती म्हणाली. "अगदी बरोबर शब्द काढलास. नड आहे म्हणून नडते. इतकी वर्षं तुमच्या नडीला धावले, आता माझ्या नडीला धावते."

दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा तिनं फक्त स्वतःपुरता केला. आठवडाभर तसंच चाललं. मग बाबा चहा करायला शिकले. वाईट करायचे, पण करायचे. खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्याच सुमाराला कारखान्याला एका सभागृहाच्या दारांचं मोठं काम मिळालं. कारखान्यातला नक्षीचा माणूस ऐन वेळी सोडून गेला. आत्या पुन्हा केबिनमध्ये गेली आणि पुन्हा नाही ऐकून आली. मालकांनी बाहेरून एक नक्षीवाले आणले: म्हातारे, उंच, कमी ऐकू येणारे, चिडके. पहिल्याच दिवशी दारांची लाकडं बघायला ते पॉलिशच्या विभागातून जात होते, तेव्हा त्यांचा हात टेबलाच्या कडेवर थांबला.

"हे कुणी केलं?"

"मी," आत्या मोठ्यानं म्हणाली.

नक्षीवाल्यांनी तिरक्या रेघेवर नख फिरवलं. "इथं लाकूड कापलेलं नाही, उचकटलंय. पटाशीला धार नव्हती. आणि हात उलट्या दिशेनं आला." एवढं बोलून ते पुढं गेले.

बाकीच्या बायकांना वाटलं, झाला अपमान. आत्या घरी आली ती गाणं गुणगुणत. तिच्या कामाला कुणी पहिल्यांदाच काम समजून नावं ठेवली होती.

सुट्टीच्या दिवशी ती त्यांचा पत्ता काढून गेली. एका गल्लीच्या टोकाला त्यांची एकखणी कार्यशाळा होती. सगळीकडं लाकूड, मध्ये जेमतेम एका माणसापुरती वाट.

"मी शिकवत नाही," नक्षीवाले म्हणाले.

"शिकवा असं नाही म्हणत. बसू द्या. मी बघेन."

"बसायला जागा नाही."

"उभी राहते."

"कंटाळून जाशील."

"काचकागद घासण्यात अर्धा जन्म काढलाय. कंटाळ्याची धमकी मला देऊ नका."

ती खरंच उभी राहिली. दर सुट्टीला, दाराच्या चौकटीला टेकून. पावसात, थंडीत. नक्षीवाले तिच्याशी बोलत नसत. कधी तरी चिडून म्हणायचे, उजेड अडवू नकोस, मग ती अर्धं पाऊल सरकायची. असं बरेच महिने गेल्यावर एका सकाळी त्यांनी न बघताच तिच्याकडं धारेचा दगड आणि एक बोथट पटाशी सरकवली. संध्याकाळी धार अंगठ्यावर तपासून बघितली, म्हणाले, "वाईट. उद्यापण ये."

"उद्या कारखाना असतो."

"मग ठरव," नक्षीवाले म्हणाले.

आत्यानं ठरवलं. मालकांना तिनं तोंडावर सांगितलं की जाते. बाबांनी डोक्याला हात लावला. "अगं, गरजवंताला अक्कल नसते हे खरंय म्हणायचं! या वयात हातची नोकरी सोडून त्या म्हाताऱ्याकडं धार लावायला?"

"अक्कल होती तेव्हा काय मिळालं?" आत्या म्हणाली. "आता शेंडी तुटो वा पारंबी."

गेली ती गेलीच. पहिली दोन वर्षं धार लावणं, तुकडे साफ करणं आणि शिव्या खाणं यातच गेली. नक्षीवाल्यांच्या तोंडात चांगला शब्द नव्हता, पण मधल्या वेळेत भाकरतुकडा अर्धा करून देत आणि बोटं कापली की स्वतः पट्टी बांधत. पुढं तिच्या हाताखालून खुर्च्यांच्या पाठी निघाल्या, जिन्याचे कठडे, दारांच्या चौकटी. ती फार मोठी कारागीर झाली असं मी म्हणणार नाही. सरळ आणि तिरक्या रेघा तिच्या अशा की बघत राहावं, पण वेलबुट्टीचे गोल तिला अखेरपर्यंत नीट साधले नाहीत. पानं काढली की ती भाल्याच्या पात्यांसारखी दिसत. गिऱ्हाईक कुरकुरलं तर ती म्हणायची, "माझ्याकडं झाडं अशीच उगवतात. गोल पानं हवी असतील तर पुढच्या गल्लीत जा." काही जात. बरेच थांबत.

नक्षीवाले थकल्यावर कार्यशाळा तिनंच चालवायला घेतली. बाबा अजून म्हणतात की ताईनं चांगली नोकरी सोडली. तरी आमच्या पुढच्या दाराला नवी चौकट करायची वेळ आली, तेव्हा दुसऱ्या कुणाला बोलवायचं हे त्यांच्या मनातही आलं नाही. आत्यानं मापं घेतली, काम केलं आणि भावाला चार लोकांसारखंच ताटकळत ठेवलं.

आता ती सत्तरी ओलांडलेली आहे. गुडघे दुखतात, म्हणून जड सामान आणायचं असलं की मला फोन करते. "ये गाडी घेऊन," एवढंच. तिला माझी गरज असली की ती मागते. आढेवेढे नाहीत, आभारप्रदर्शनही नाही.

गेल्या महिन्यात आम्ही लाकडाच्या वखारीत गेलो. वखारवाल्यानं लगबगीनं एक फळी काढून दिली. आत्यानं तिचं एक टोक वर धरलं, एक डोळा मिटला आणि कडेवरून पार टोकापर्यंत नजर टाकली.

"वाकडी आहे."

"थोडीशीच, मावशी. रंधा मारला की जाईल."

"ओलीपण आहे. ही घरी नेली की आणखी वाकेल. दुसरी काढा."

"चांगल्या सगळ्या ढिगाच्या तळाला आहेत."

"मग वरच्या उचला."

वखारवाल्यानं माझ्याकडं बघितलं. "ताई, तुम्ही तरी सांगा त्यांना. एवढा ढीग उपसायचा म्हणजे..."

"मी फक्त गाडी चालवते," मी म्हणाले.

त्यानं सुस्कारा टाकला, आतून दोघांना हाक मारली आणि फळ्या उतरवायला सुरुवात केली. आत्या बाजूला उभी राहिली नाही. तिनं बाह्या सारल्या, पहिल्या फळीचं दुसरं टोक धरलं आणि म्हणाली, "हं, उचला. सावकाश, कोपरे आपटू नका."